कागदातून गंगेतला डॉल्फिन कसा बनवायचा – पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझा मुलगा सातवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला "नदीतला दुर्मिळ प्राणी" असा विषय आला आणि त्याने गंगा डॉल्फिन निवडला. मॉडेल कागदाचंच हवं, थर्माकोल चालणार नाही अशी अट होती. आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो, जून संपत आलेला, पाऊस धो धो, आणि मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे. तीन आठवडे गेले. पहिलं मॉडेल तर टाकूनच द्यावं लागलं. त्यानंतर भाचीसाठी एक, शेजारच्या मुलीसाठी एक आणि घरात ठेवायला एक असे अजून तीन केले, त्यामुळे आता कुठे काय बिघडतं ते मला पाठ झालंय. पालक असाल, शिक्षक असाल किंवा स्वतःच आठवी-नववीत असाल तरी हे वाचून जमेल, फक्त पायऱ्या गाळू नका आणि वाळण्याच्या वेळेत घाई करू नका.

वेळेचा अंदाज आधीच देते. उन्हाळ्यात आठवडा पुरतो. पावसात दोन आठवडे धरा. हातातलं खरं काम पंधरा-सोळा तासांचं आहे, बाकी सगळं वाळणं.

१. कात्री हातात घेण्याआधी प्राणी नीट बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग सगळ्यांचं मॉडेल एकसारखं चुकतं. गोव्यातल्या पोराने डॉल्फिन पाहिलेला असतो, सिकेरीहून किंवा पणजीहून बोटीतून गेलेलं असतं, मांडवीच्या मुखाशी पाठ वर येताना बघितलेली असते. त्यामुळे "डॉल्फिन काढ" म्हटलं की डोक्यात समुद्रातलाच येतो आणि त्यात भर म्हणून पुस्तकातला, निळा, हसरा, उडी मारणारा, पाठीवर मोठा टोकदार पर असलेला. गंगेतला तसा अजिबात नाही. माझ्या मुलाने पहिल्या दिवशी काढलेलं चित्र समुद्रातल्या डॉल्फिनचंच होतं आणि मलाही ते बरोबर वाटलं होतं हे सांगायला हवं.

फरक कुठे कुठे आहे ते बघा, कारण पुढची सगळी मापं यावरच बेतलेली आहेत:

तोंड लांब, बारीक, चिमट्यासारखं. अंगाच्या लांबीच्या जवळजवळ पाचव्या हिश्शापर्यंत जातं. आम्ही घरात त्याला चोच म्हणायला लागलो, इथेही तेच म्हणते. तोंड मिटलेलं असलं तरी पुढचे दात बाहेर दिसतात.

पाठीवर पर म्हणावा असा नाहीच. मागच्या बाजूला एक बुटका तिकोनी उंचवटा आहे, बस.

पुढचे दोन पर मोठे, रुंद, टोकाला पसरट. मागची कड नागमोडी, आणि आतल्या बोटांच्या हाडांच्या रेषा वरून उमटलेल्या दिसतात.

मान आहे! समुद्रातल्या बऱ्याच डॉल्फिनच्या मानेचे मणके एकमेकांना जुळलेले असतात, याचे सुटे आहेत, म्हणून हा डोकं इकडेतिकडे वळवू शकतो.

डोळा टाचणीच्या टोकाएवढा. त्यात भिंगच नाही, उजेड-अंधार एवढंच कळत असावं. गाळाच्या पाण्यात डोळ्याचा उपयोग काय, तो सगळं आवाजावर चालवतो, स्वतः आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून मासा कुठे आहे ते ओळखतो.

फोटो शोधताना "गंगा डॉल्फिन" असंच टाइप करा आणि आलेल्या फोटोत चोच लांब आहे का ते बघूनच सेव्ह करा, कारण नुसतं "नदीतला डॉल्फिन" शोधलं तर अ‍ॅमेझॉनमधला गुलाबी डॉल्फिनही मध्येच येतो. तो वेगळा प्राणी आहे.

२. काय काय लागेल

– पुठ्ठा: कॅलेंडरच्या मागचा किंवा शर्टच्या खोक्यातला. लग्नपत्रिका फासळ्यांसाठी (कण्याला आडवे लागणारे तुकडे) झकास, पण कण्याला (लांबीचा मधला सपाट पुठ्ठा) लांबी पुरत नाही
– जुनी वर्तमानपत्रं (गुळगुळीत रंगीत पुरवणी नको, खळ शोषत नाही)
– पांढरा टिश्यू पेपर किंवा पतंगाचा कागद, दोन ताव
– मैदा, फेविकॉल
– माडाचे हीर, म्हणजे घरातल्या झाडूतले दोन-तीन सरळ
– कटर, छोटी टोकदार कात्री, स्टीलची पट्टी, कंपास
– शाई संपलेलं बॉलपेन (हे सगळ्यात महत्त्वाचं हत्यार, पुढे सांगते)
– कपडे वाळत घालायचे चिमटे, दहा-बारा
– बारीक पॉलिश पेपर, पांढरे खडू
– पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिक: काळा, पांढरा, तपकिरी, थोडा लाल
– नायलॉनचा बारीक दोरा

रंग आणि टिश्यू सोडला तर विकत काही आणावं लागत नाही. मी टिश्यू म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेले होते तेव्हा तिथल्या स्टेशनरीच्या दुकानातून आणला, तुमच्या जवळच्या दुकानातही मिळेल, फक्त नाक पुसायचा टिश्यू आणू नका, तो खळीत विरघळतो.

कटर मुलांच्या हातात द्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी कणा स्वतः कापला, फासळ्या त्याने कात्रीने कापल्या.

३. माप ठरवा आणि कणा कापा

मोठी मादी साधारण अडीच मीटरपर्यंत जाते. यात मादी नरापेक्षा मोठी असते आणि तिची चोचही लांब असते, म्हणून आम्ही मादीच करायचं ठरवलं. २.४० मीटर धरून सहापट लहान केलं की ४० सेंटीमीटर येतं. हा आकडा सोयीचा आहे, टेबलावर मावतो आणि लहानही वाटत नाही.

४० पैकी चोच ८ सेंटीमीटर. ती वेगळी करायची. उरलेले ३२ सेंटीमीटर म्हणजे कणा: बाजूने बघितल्यावर प्राणी जसा दिसतो तसा सपाट पुठ्ठा. कपाळ चोचीपासून एकदम वर चढतं, मग मानेला किंचित दबलेलं, मग पोट भरदार, मग शेपटीकडे निमुळतं. पाठीवरचा उंचवटा चोचीच्या टोकापासून २५ ते २९ सेंटीमीटरच्या मध्ये ठेवा आणि उंची एक सेंटीमीटरच्या आत ठेवा. हात शिवशिवतो थोडा मोठा करायला, करू नका.

इथे सापळा आहे तो एफोर कागदाचा. एफोरची लांबी तीस सेंटीमीटरलाही जरा कमी, त्यात ३२ चा कणा बसत नाही, मग लोक सगळंच थोडं लहान करतात आणि फासळ्यांची मापं मात्र तीच ठेवतात, आणि प्राणी फुगलेला दिसतो. दोन कागद जोडून चित्र काढा आणि पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. कुणी तयार नमुना डाउनलोड करून वापरत असेल तर प्रिंट काढताना "फिट टू पेज" बंद करून शंभर टक्क्यांवरच काढायला सांगा, आणि शक्यतो झेरॉक्ससारखी लेझर प्रिंट घ्या, कारण इंकजेटची शाई खळ लागली की पसरते.

आता मान. चोचीच्या टोकापासून १५ सेंटीमीटरवर (म्हणजे कण्याच्या पुढच्या कडेपासून ७ वर) उभी रेघ मारा, पट्टी धरून त्या रेघेवरून शाई संपलेलं बॉलपेन दोनदा दाबून फिरवा. कापायचं नाही, फक्त चर पाडायचा. मग डोकं हलकेच एका बाजूला वळवा, थोडंसंच. या एका घडीने मॉडेलमध्ये जीव येतो, मी चारही मॉडेलमध्ये केलंय आणि बघणारा प्रत्येक जण विचारतो की याने मान का वळवलीय. मग मणक्यांचं सांगायला मिळतं.

पुठ्ठ्याला एक वळण असतं हेही ध्यानात ठेवा. एका दिशेने तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने कुरकुरतो आणि चिरतो. कणा कापण्याआधी पुठ्ठा दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, सहज वाकणारी घडी मानेच्या रेघेच्या दिशेने आली पाहिजे.

४. फासळ्या

प्रत्येक फासळी म्हणजे दोन अर्धे तुकडे, कण्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. सरळ कडेला अर्धा सेंटीमीटर जास्त ठेवा, तो दुमडून कण्याला चिकटवायचा.

माझी मापं अशी, पहिला आकडा चोचीच्या टोकापासूनचं अंतर, मग उंची, मग पूर्ण रुंदी (कापताना निम्मी धरा), सगळं सेंटीमीटरमध्ये:

८ वर – ४.५ × ४.२
११ वर – ५.६ × ५.२
१३.५ वर – ५.२ × ५
१८ वर – ६.८ × ६.६
२२ वर – ७ × ६.८
२६ वर – ६ × ५.६
३० वर – ४.४ × ३.६
३४ वर – २.८ × १.८
३७ वर – २ × १

बघा, पुढे जवळजवळ गोल आहे आणि शेपटीकडे जाताना उंची जास्त, रुंदी कमी, म्हणजे बाजूने चपटं. सगळ्या फासळ्या गोल कापल्या तर शेवटी गाजरासारखं दिसतं. शेवटच्या दोन फासळ्यांवर जरा जास्त वेळ घाला.

फेविकॉल लावून चिमट्याने धरून ठेवा, एका बाजूच्या सगळ्या चिकटवून अर्धा तास थांबा, मग दुसरी बाजू. दोन्ही बाजू एकदम केल्या तर कणा ओला होऊन वाकतो, आणि इथे वाकलेला कणा पुढे कशानेही सरळ होत नाही.

५. वरून पट्ट्या – आणि माझं पहिलं मॉडेल का गेलं

पहिल्या वेळी मी फासळ्यांच्या मधल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. सोपं वाटलं, आकार पण लगेच आला. वरून खळीत भिजवलेले कागद लावले, दोन दिवसांनी हाताला कोरडं लागलं, रंगवलं. पाचव्या दिवशी पोटावर हिरवट डाग दिसायला लागला आणि कुबट वास. बोटाने दाबलं तर पोट आत गेलं, आतले बोळे अजून ओलेच होते. मुलगा रडला नाही पण रात्री जेवलाही नीट नाही.

आमच्या वाड्यावर एक काका आहेत, दरवर्षी पोरांच्या नरकासुराचा मुखवटा तेच करतात. त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी हातात धरून वजन बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पोटात वारं खेळायला जागा ठेव गो बाय." मग त्यांनीच दाखवलं की आत पोकळ ठेवून वरून पट्ट्या कशा ओढायच्या.

तर असं करा: पातळ पुठ्ठ्याच्या (बिस्किटाच्या खोक्याचा चालतो) ८ मिलिमीटर रुंद लांब पट्ट्या कापा. डोक्याच्या पहिल्या फासळीपासून शेपटीपर्यंत लांबीच्या दिशेने लावत जा, प्रत्येक फासळीच्या कडेवर फेविकॉलचा ठिपका. आधी पाठीवर एक, मग पोटावर एक, मग डावी-उजवी, मग मधल्या. एकाच बाजूने सुरू करून गोल गोल जाऊ नका, प्राणी पिळवटतो. दोन पट्ट्यांमध्ये थोडी फट राहिली तरी चालते, आतलं वारं तिथूनच खेळतं. शेपटीकडे जागा कमी होत जाते तिथे पट्ट्या निमुळत्या कापा, एकमेकांवर चढवू नका.

मानेजवळ पट्टी उभी राहते, बसत नाही. तिथे पुन्हा तेच बॉलपेन, पट्टीवर आडवा चर पाडा, लगेच बसते.

हे झालं की हातात धरून बघा. पिंजऱ्यासारखं, हलकं, आणि डॉल्फिन दिसायला लागलेला असतो. या टप्प्याला एक फोटो काढून ठेवा, प्रदर्शनात मॉडेलच्या शेजारी लावायला फार उपयोगी पडतो, कारण आत काय आहे हे सगळ्यांनाच बघायचं असतं.

६. चोच आणि दात

दोन हीर घ्या, प्रत्येकी १४ सेंटीमीटर. ८ बाहेर, ६ डोक्याच्या आत कण्याला दोऱ्याने बांधून फेविकॉल. एक वरचा जबडा, एक खालचा. मधे दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. कागदच हवा अशी कडक अट असेल तर हिराऐवजी वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करा, पण ती पावसात लवते, तेव्हा दुहेरी करा.

हिराभोवती दीड सेंटीमीटर रुंदीची खळ लावलेली कागदाची पट्टी गुंडाळत जा, मुळाशी जास्त वेढे, पुढे कमी. अगदी टोकाला परत दोन वेढे जास्त द्या, कारण खऱ्या चोचीचं टोक किंचित जाड असतं. मादीच्या चोचीला टोकाशी वरच्या बाजूला हलका बाक असतो, हीर ओला असतानाच तसा वाकवून चिमटा लावून ठेवा.

दात कागदाचेच. पांढऱ्या कार्डपेपरची ६ सेंटीमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद पट्टी, एका कडेला छोट्या कात्रीने करवतीसारखे दाते कापा. अशा चार. वरच्या जबड्याला बाहेरून दोन, दाते खाली. खालच्याला बाहेरून दोन, दाते वर, आणि एकाचा दात दुसऱ्याच्या फटीत आला पाहिजे. खऱ्या प्राण्याला एका बाजूला एका जबड्यात तिसाच्या आसपास दात असतात, एवढ्याशा पट्टीत तेवढे जमत नाहीत, वीस जमले तरी छान दिसतं. पुढचे दात लांब आणि मागे आखूड होत जातात हे मात्र पाळा. लहान वयात दात बारीक, टोकदार आणि वाकडे असतात, वय झालं की झिजून बुटके होतात, तेव्हा तुमची मादी तरुण की म्हातारी ते ठरवून कापा. माझ्या मुलाने तरुण ठरवली.

दात शेवटच्या थरानंतर चिकटवायचे. आधी चिकटवले तर खळीने मऊ पडून गळतात. कापून डबीत ठेवून द्या.

७. खळ आणि कागदाचे थर

खळ: पोह्याच्या चमच्याने दोन चमचे मैदा, एक कप थंड पाणी. गाठी आधी थंड पाण्यातच मोडा, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरी खळ अर्धपारदर्शक, चकचकीत झाली की उतरवा. गार झाल्यावर त्यात दोन चमचे फेविकॉल आणि असेल तर लवंगाच्या तेलाचे दोन-तीन थेंब, वास येत नाही आणि बुरशी लवकर धरत नाही. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते, आंबट वास आला की फेकून द्या.

दोन गोष्टी घालू नका. एक, मीठ. टिकावं म्हणून मीठ घाला असं बरेच जण सांगतात, पण आपल्याकडच्या दमट हवेत मीठ पाणी ओढून घेतं, वाळलेलं मॉडेल पुन्हा ओलसर होतं. दुसरं, मोरचूद. किडे लागू नयेत म्हणून जुने लोक खळीत घालायचे, पण ते विषारी आहे आणि इथे पोरं हाताने खळ लावणार आहेत.

कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेली कड विरळ असते, ती खालच्या कागदात मुरते, कापलेली कड उठून दिसते. तुकडे दोन बोटं रुंद. खळीत बुडवा, दोन बोटांत धरून जास्तीची खळ निपटून काढा (हे नीट करा, अर्धी बुरशी इथेच टळते), आणि लावा.

पहिला थर अंगाला आडवा, दुसरा उभा, तिसरा आडवा, चौथा टिश्यूचा. एका वेळी दोनच थर. मग थांबा. पावसात किमान दीड दिवस पंख्याखाली, मधे मधे बाजू बदलत. ऊन पडलं म्हणून अंगणात ठेवलं तर एक बाजू भराभर आक्रसते आणि शेपूट वाकतं. चुलीजवळ तर नकोच. फ्रीजच्या मागची उबदार जागा मला सगळ्यात बरी वाटली. वाळलं का हे बघायला गालाला लावा, हाताला कोरडं लागलं तरी ओल असेल तर गालाला गार लागतं.

आणि रात्री पाण्याने भरलेल्या परातीत वाटी पालथी घालून त्यावर ठेवा. मैद्याच्या वासाने मुंग्या येतात, आणि एकदा वाट सापडली की परत परत येतात.

८. पर आणि शेपूट

पुढचे पर साडेसहा सेंटीमीटर लांब, टोकाला साडेचार रुंद. दोन पातळ पुठ्ठे, मधे हिराचे किंवा दोऱ्याचे चार-पाच तुकडे पंख्यासारखे पसरून ठेवा आणि चिकटवा. वरून टिश्यू ओढला की बोटांच्या रेषा आपोआप उमटतात. मागची कड नागमोडी कापा. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

शेपूट आडवं! माशाचं शेपूट उभं असतं, डॉल्फिनचं आडवं, कारण तो मासा नाही, आपल्यासारखा हवेत श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे. दहा सेंटीमीटर रुंद, मधे खाच. कण्याच्या टोकाला आडवी चीर देऊन त्यात सरकवा. मी पाहिलेल्या मुलांच्या मॉडेल्समध्ये सगळ्यात जास्त चूक इथे होते, घाईत उभं लावलं जातं आणि मग परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.

जोडावर फट राहील ती खडूची पूड आणि फेविकॉल कालवून भरा, लिंपल्यासारखी. वाळली की पॉलिश पेपर हलक्या हाताने.

९. डोळा आणि नाक

मणी लावू नका, बटण लावू नका, बाजारात मिळणारे हलणारे डोळे तर मुळीच नको. तोंडाच्या कोपऱ्याच्या जरा वर, सुईच्या टोकाने एक टोचा. भोवती नखाने अगदी हलकी सुरकुती. त्या टोच्यात काळ्या रंगाचा एक थेंब काडीने. झाला डोळा.

प्रदर्शनात एक बाई आल्या, मॉडेल उचलून इकडून तिकडून बघितलं आणि मुलाला म्हणाल्या की सगळं छान केलंस पण डोळा करायला विसरलास. त्याने त्यांना खिडकीजवळ नेलं, मॉडेल तिरकं धरलं आणि तो टोचा दाखवला. मग म्हणाला, "तिला एवढाच असतो, ती कानाने बघते." त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या, मग आपल्या वर्गातल्या मुलांना बोलावून आणलं.

नाक डोक्यावर, एकच. अंगाच्या लांबीच्या दिशेने अर्ध्या सेंटीमीटरची उभी चीर, कटरच्या पाठीने दाबून. बाकी डॉल्फिनना ही चीर आडवी, चंद्रकोरीसारखी असते, याची उभी. या चिरेतून श्वास सोडताना जो आवाज होतो त्यावरूनच उत्तरेत याला सूंस, सोंस, सुसू म्हणतात.

१०. रंग

निळा नाही. काळा, पांढरा आणि तपकिरी मिसळून गाळासारखा करडा करा. पाठ गडद, पोट फिकं, पोटाला लालाचा अगदी कणभर अंश. एका वाटीत सगळ्या अंगाला पुरेल एवढा रंग एकदम कालवा, संपला तर तीच छटा परत येत नाही. आधी पांढऱ्याचा एक पातळ हात, नाहीतर वर्तमानपत्रातली अक्षरं पोटावर वाचता येतात. रंग वाळल्यावर मॅट वॉर्निश, चकचकीत नको. पावसात वॉर्निश लावायचं तर पाऊस थांबलेला दिवस बघा, ओल्या हवेत ते पांढरट पडतं.

दात आता चिकटवा.

११. मांडणी, आणि शेजारचं कार्ड

उडी मारताना मांडू नका. हा समुद्रातल्यासारखा हवेत उंच झेपावत नाही, श्वासाला चोच आणि डोकं वर काढतो, पाठ दिसते न दिसते तोच खाली. उथळ पाण्यात तो चक्क एका कुशीवर पोहतो. आम्ही खोक्याला मातकट कागद लावून नदी केली आणि मॉडेल दोन दोऱ्यांनी असं टांगलं की ते कुशीवर झुकलेलं, एक पर खाली तळाकडे. दोरा एक मानेमागे, एक उंचवट्याच्या पुढे, दोन्ही कण्याला पोचतील असे सुईने ओवा, नुसत्या वरच्या कागदाला बांधले तर दोन तासांत फाटून येतात.

कार्डावर काय लिहायचं याचा मुलांना गोंधळ होतो, सगळंच लिहितात आणि कुणी वाचत नाही. आम्ही एवढंच लिहिलं होतं: कुठे सापडतो (गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या उपनद्या, भारत, नेपाळ, बांगलादेश), २००९ साली भारताचा राष्ट्रीय जलचर जाहीर झाला, बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव या गंगेच्या पट्ट्यात १९९१ पासून विक्रमशिला अभयारण्य आहे. आणि सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ज्यांना मारू नये म्हटलंय त्या प्राण्यांत "गंगापुपुटक" असं एक नाव येतं, ते याचंच असं अभ्यासक मानतात. लोक या ओळीपाशी थांबायचे.

आता कुणी करत असेल तर गणतीचा आकडा पण घाला. २०२१ ते २०२३ मध्ये देशातल्या २८ नद्यांमधून बोटीने फिरून मोजणी झाली, तिचा अहवाल मार्च २०२५ मध्ये आला: ६,३२७ नदीतले डॉल्फिन. त्यात उत्तर प्रदेशात २,३९७ आणि बिहारमध्ये २,२२०. पंजाबात बियास नदीत फक्त ३, आणि ते सिंधू नदीतल्या डॉल्फिनचे, म्हणजे याच्या चुलत भावंडाचे. मुलांना सांगा की तीन हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा. कमी का झाले असं कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा: मासेमारीच्या जाळ्यात अडकून श्वास कोंडतो, बंधाऱ्यांमुळे नदीचे तुकडे पडले आणि इकडचे तिकडे जाऊ शकत नाहीत, तेलासाठी मारले गेले, पाणी खराब झालं आणि कमीही झालं. जाळ्याचं मुलांना लगेच कळतं, आपल्या नदीवर मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दाराशी) लावलेलं जाळं सगळ्यांनी बघितलेलं असतं.

"गोव्यात आहे का" हा प्रश्न हमखास येतो. नाही, आपल्या नद्यांत हा नाही. आपल्याकडे नदीच्या मुखाशी दिसतो तो समुद्रातला हंपबॅक डॉल्फिन. गोव्यातल्याच नदीचा प्राणी करायचा असेल तर पाणमांजर करा, चोडणच्या खारफुटीत आहेत, हीच फासळ्यांची पद्धत चालते, फक्त मान लांब आणि पाय चार.

१२. नेणं आणि ठेवणं

स्कूटरवरून नेताना खोक्यात टांगूनच न्या, तळाला टेकवलं तर खड्ड्यात चोच मोडते. चोच मोडलीच तर जोडायला थोडा टिश्यू, फेविकॉल आणि उरलेला रंग बाटलीत घेऊन जा, आम्हाला लागला होता.

प्रदर्शनानंतर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात टाकू नका, आत घाम धरतो. वारा लागेल अशा जागी उंचावर टांगा, जवळ डांबरगोळ्या ठेवा कारण कसर लागते, आणि दरवर्षी मृगाचा पाऊस सुरू झाला की एकदा उतरवून पोटाला गाल लावून बघा. गार लागलं तर दोन दिवस फ्रीजच्या मागे. आमची आता चार वर्षांची झालीय, दोन दात पडलेत, ते मुलाने परत बसवले नाहीत, म्हणतो आता तिचं वय झालं.